जुन्या गाड्या विकायच्या तर आधी ऑथोरायझेशन, मग चावी: आरटीओची पूर्ण प्रोसेस

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी यार्डात येऊन विचारते, "भाऊ, मी घरासमोर दोन-तीन गाड्या लावून विकून राहिलो, मला काही लायसन लागते का?" मी विचारतो किती दिवसांपासून, तर उत्तर येते की दोन वर्षं झाले. म्हणजे गाड्या येऊन राहिल्या, जाऊन राहिल्या, गाडी नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म 29-30 वर सह्यांची फाईल कपाटात वाढून राहिली, अन् लायसनचा प्रश्न आता पडला. तर हो, लागते. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या म्हणजे रजिस्टर झालेल्या गाड्यांचा डीलर म्हणून काम करायचं असेल तर आरटीओचं ऑथोरायझेशन सर्टिफिकेट लागते. नियम केंद्र सरकारचा आहे, सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्समध्ये 55 अ अन् त्याच्या पुढचे नियम घातले आहेत, त्यामुळे "आपल्या नागपुरात कोण विचारते" हे चालत नाही.

लोक जिथे जिथे चुकतात तिथे मी जास्त लिहिलं आहे, बाकी पटकन सांगून पुढे गेलो. रिंग रोडला छोटा यार्ड आहे माझा, यातल्या अर्ध्या चुका मी स्वतः करून बसलो आहे.

स्टेज 1: तुम्ही कोणत्या खान्यात बसता ते आधी ठरवा

पहिली चूक इथेच होते. दोन वेगवेगळे कागद आहेत अन् लोक दोन्हीला "डीलर लायसन" म्हणतात.

एक आहे ट्रेड सर्टिफिकेट. हे नवीन, अजून रजिस्टर न झालेल्या गाड्यांसाठी असते, म्हणजे शोरूमवाल्यांसाठी. अर्ज फॉर्म 16 मध्ये, सर्टिफिकेट फॉर्म 17 मध्ये, मुदत 5 वर्षं. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला लाल पाटीवर पांढरी अक्षरं दिसतात ना, ते या ट्रेड सर्टिफिकेटचं.

दुसरं आहे ऑथोरायझेशन सर्टिफिकेट, हे रजिस्टर झालेल्या म्हणजे सेकंड हँड गाड्यांसाठी. अर्ज फॉर्म 29 ए, सर्टिफिकेट फॉर्म 29 बी, मुदत इथेही 5 वर्षं.

आता ज्याचं नवीन बाईकचं शोरूम आहे अन् तो एक्स्चेंजमध्ये जुन्या बाईक पण घेऊन विकतो त्याला वाटते की आपल्याकडे ट्रेड सर्टिफिकेट आहे, झालं काम. नाही झालं. जुन्या गाडीला ट्रेड सर्टिफिकेट चालतच नाही, त्याला दोन्ही कागद पाहिजे. अन् उलटंही खरं आहे, आपल्यासारख्या जुन्या गाडीवाल्याने ती लाल पाटी कुठून तरी आणून एमएच 31 च्या गाडीवर चिकटवून टेस्ट ड्राइव्ह द्यायची नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून लिहितो.

"पार्क अँड सेल" वाल्यांसाठी वेगळं सांगतो. तुम्ही गाडीचे पैसे दिले नाही, फक्त कमिशनवर विकायला ठेवली, तरी गाडी तुमच्या ताब्यात आहे. हा सगळा नियम ताब्याच्या भोवती फिरतो, पैशाच्या नाही. म्हणून "मी तर फक्त दलाल आहे" हे उत्तर गाडी तुमच्या यार्डात उभी असताना कामाचं नाही.

अन् ज्याने घरची एक गाडी विकली त्याला यातलं काही लागत नाही, उगाच घाबरू नका, तुमचं काम फॉर्म 29-30 मध्ये होते.

स्टेज 2: अर्ज करायच्या आधीची तयारी

अर्ज भरायला तासही लागत नाही. वेळ जातो तो नावं जुळवण्यात. पॅनवर एक नाव, शॉप ॲक्टच्या नोंदीत दुसरं, जीएसटीत ट्रेड नेम तिसरं अन् बोर्डावर चौथं, असं असेल तर अर्ज अडकायची तयारी तुम्हीच करून ठेवली समजा. माझ्या ओळखीच्या एकाचं बोर्डावर "मोटर्स", जीएसटीत "ऑटो डील" अन् भाडेकरारात फक्त स्वतःचं नाव. तीन दुरुस्त्या करता करता त्याचा पावसाळा गेला.

हे आधी जमवा:

- धंद्याचं नाव, एकच, सगळीकडे त्याच स्पेलिंगमध्ये. इंग्रजीत एका अक्षराचा फरक पण फरकच असतो.
- जागेचा कागद. स्वतःची असेल तर टॅक्स पावती किंवा इंडेक्स 2, भाड्याची असेल तर नोंदवलेला भाडेकरार. नुसती घरमालकाची चिठ्ठी नको. करारात वापर "व्यवसायासाठी" लिहिला आहे का ते वाचा, कारण बरेच करार घरासाठीच्या छापील नमुन्यावर केलेले असतात.
- शॉप ॲक्टची नोंद किंवा इंटिमेशन, पॅन, आधार, जीएसटी नंबर. पार्टनरशिप असेल तर डीड, कंपनी असेल तर सही कोण करणार त्याचं ठरावपत्र.
- जागेचे फोटो, बोर्ड दिसेल असे. गाड्या रस्त्यावर किंवा फुटपाथवर उभ्या दिसत असतील तर आधी त्या आत घ्या, मग फोटो काढा.
- धंद्यासाठी वेगळा मोबाईल नंबर अन् ईमेल.

शेवटचा मुद्दा लोकांना फालतू वाटतो. पण परिवहनच्या पोर्टलचं सगळं काम ओटीपीवर चालते, अन् मुलाच्या किंवा कामाला ठेवलेल्या पोराच्या नंबरवर खातं उघडलं तर तो नोकरी सोडून गेला की तुम्ही बाहेर. माझ्याकडे हेच झालं, पोरगा गेला पुण्याला, अन् मी त्याला फोन करून रोज म्हणायचो, "बाबू, ओटीपी सांग ना रे."

चेक: तुमचं आधार चालू मोबाईलला लिंक आहे का ते आजच पाहा. नसेल तर आधी ते, मग बाकी सगळं.

स्टेज 3: अर्ज कुठे अन् कसा

दुकान ज्या आरटीओच्या हद्दीत, अर्ज त्याच आरटीओकडे. नागपुरात तीन ऑफिस आहेत: शहर एमएच 31, ग्रामीण एमएच 40 अन् पूर्व नागपूर एमएच 49. तुमच्या स्वतःच्या गाडीचा नंबर 31 आहे म्हणून अर्ज 31 ला, असं नसते. तुम्ही राहता कुठे त्याच्याशीही संबंध नाही. यार्ड कुठे आहे ते बघायचं. हद्दीवरच्या भागात असाल, जसं वाडी, हिंगणा रोड किंवा कामठी रोडचा पट्टा, तर अंदाजाने ठरवू नका, ऑफिसात जाऊन पत्ता दाखवून विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

अर्ज परिवहनच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा, फॉर्म 29 ए. फी पोर्टल दाखवेल तेवढीच, पोर्टलवरच भरायची अन् पावती लगेच डाउनलोड करून ठेवायची. एजंटकडून करून घेतलं तरी लॉगिन तुमच्या नंबरवरच पाहिजे अन् पावती तुमच्या ईमेलवर आली पाहिजे. आरटीओने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सगळं जमलं की फॉर्म 29 बी मध्ये सर्टिफिकेट मिळते.

सावधान: अर्जाची पावती म्हणजे सर्टिफिकेट नाही. "अर्ज केला आहे" म्हणून बोर्डावर "आरटीओ अधिकृत" लिहून टाकणारे आहेत. पावतीवर धंदा सुरू करू नका.

सर्टिफिकेट आलं की त्यावरचं नाव, पत्ता अन् मुदतीची तारीख तिथल्या तिथे वाचून घ्या. चूक त्याच आठवड्यात दुरुस्त होते, तीन वर्षांनी नाही.

स्टेज 4: गाडी घ्यायच्या आधीची तपासणी

खरा धंदा इथे कमावल्या जाते किंवा बुडते. गाडीचं इंजिन ऐकायला सगळे मेकॅनिक घेऊन जातात, कागद ऐकायला कोणी नेत नाही.

माझा क्रम असा आहे, अन् क्रम बदलत नाही.

*पहिले आरसी अन् माणूस जुळवा.* समोर बसलेला माणूस आरसीवरचाच मालक आहे का? वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा विकायला आणतो अन् वडील वारलेले असतात, हे फार होते. मुलगा म्हणतो, "बाबांनी फॉर्मवर सह्या करून ठेवल्या होत्या." ते फॉर्म बाजूला ठेवा. मालक वारला की गाडी आधी वारसाच्या नावावर फॉर्म 31 ने चढवावी लागते, त्याच्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, अन् मग त्या वारसाने विकायची. मेलेल्या माणसाच्या सहीवर गाडी घेतली तर उद्या बहीण-भाऊ भांडले की तुम्ही मधात.

*मग वाहन पोर्टलवर गाडीचा स्टेटस काढा.* मालकाचं नाव, रजिस्ट्रेशनची तारीख अन् मुदत, फिटनेस, टॅक्स, इन्शुरन्स, पीयूसी, एचपी म्हणजे कर्जाचा बोजा आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का. स्क्रीनशॉट नको, प्रिंट काढून त्यावर तारीख टाका अन् फाईलला लावा.

*एचपी.* आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव दिसत असेल तर मालकाचं "लोन कधीच संपलं हो" ऐकून घ्यायचं नाही. बँकेची एनओसी अन् फॉर्म 35 पाहिजे, अन् बँकेच्या एनओसीवर तिची स्वतःची मुदत छापलेली असते ती वाचा. लोक दोन वर्षांपूर्वीची एनओसी घेऊन येतात अन् म्हणतात, "हे घ्या, ओरिजिनल आहे." ओरिजिनल आहे पण शिळी आहे. बँकेत जाऊन नवीन आणायला सांगा, अन् ते होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, फक्त टोकन.

*चालान.* ई-चालानच्या साईटवर गाडीचा नंबर टाका. कोर्टात गेलेली वेगळी दिसतात, ती पण पाहा. बाकी रक्कम सौद्याच्या वेळीच वळती करा.

*चोरीची गाडी.* एनसीआरबीची, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणीच्या ऑफिसची, वाहन समन्वय नावाची सोय आहे, तिथे नंबर, इंजिन अन् चेसिस टाकून गाडी पोलिसांच्या चोरीच्या रेकॉर्डवर आहे का ते बघता येते. पाच मिनिटं लागतात. मग चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आरसीशी एक-एक अक्षर जुळवा, अन् कागद ठेवून पेन्सिलने छाप काढा. छाप काढताना बोटाला धातू खरवडल्यासारखा, ग्राइंडर मारल्यासारखा लागला किंवा अक्षरं एका ओळीत नसली तर गाडी कितीही स्वस्त असो, परत पाठवा.

*एचएसआरपी.* 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी पाटी बसलेली नसेल तर आरटीओचं काम पुढे सरकत नाही. ट्रान्सफरच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आज कळू द्या.

*वय.* खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असते. पंधरावं वर्ष चालू असलेली गाडी तुम्ही घेतली अन् चार महिने यार्डात पडून राहिली तर रिन्यूअलचा खर्च अन् फिटनेसची कटकट तुमच्या गळ्यात. 1 एप्रिल 2022 पासून कारच्या रिन्यूअलची केंद्राची फी 600 वरून 5,000 झाली, वरून ग्रीन टॅक्स वेगळा, तेव्हा खरेदीची किंमत लावतानाच हे धरून चला.

आता थोडं बाजूचं, पण नागपूरवाल्यांनी वाचा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या काही धुवून-पुसून बाजारात आहेत. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या भागावर मातीची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. कागदावर हे दिसत नाही पण गिऱ्हाइकाला लपवून विकली तर ग्राहक कोर्टात तुमचंच नाव लागेल, जुन्या मालकाचं नाही.

चेक: वरच्या प्रत्येक गोष्टीचा एक-एक कागद फाईलला लागला का? नसेल तर चावी घेऊ नका. मालक म्हणेल, "ठेवून घ्या ना भाऊ, कागद उद्या देतो." हा उद्या फार लांबचा असतो.

स्टेज 5: ताबा घेताना फॉर्म 29 सी

या सगळ्यात जास्त चुकणारी स्टेज हीच, अन् माझी पण हीच चुकली होती.

आधीची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मालकाच्या कोऱ्या 29-30 वर सह्या, 100 च्या स्टॅम्पवर डिलिव्हरी नोट, गाडी आत. मी अशीच एक वॅगन आर एका रिटायर मास्तरांकडून घेतली अन् पुढे एकाला विकली, त्याने ट्रान्सफर "करतो करतो" म्हणत केलंच नाही. सात-आठ महिन्यांनी मास्तर माझ्या यार्डात आले, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, चष्मा कपाळावर सरकवून फोन माझ्यापुढे धरला. नऊ चालान. एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून दाखवत होते, व्हेरायटी चौक, सीटबेल्ट नाही, सिग्नल तोडला, अन् शांतपणे विचारत होते, "हा मी आहे का सांगा." आठ चालानचं उत्तर माझ्याकडे होतं, पैसे भरले. नववं होतं गाडी दिली त्याच दिवशीचं, सकाळी 11 वाजून काही मिनिटं. मास्तर म्हणाले गाडी तोपर्यंत तुमच्याकडे होती, मी म्हटलं तुम्ही दुपारी आणून दिली. स्टॅम्पवर तारीख होती, वेळ नव्हती. शेवटी ते पण मीच भरलं, पण मास्तर पुन्हा काही माझ्याकडे आले नाही, त्यांच्या जावयाने गाडी विकली ती पण दुसरीकडे.

चालान तरी लहान गोष्ट आहे. अपघात झाला तर? सुप्रीम कोर्टाने 2018 च्या एका निकालात स्पष्ट केलं की रेकॉर्डवर ज्याचं नाव रजिस्टर्ड मालक म्हणून आहे, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या केसमध्ये मालकाने गाडी 2007 मध्येच दुसऱ्याला दिली होती, पुढे ती अजून हातोहात फिरली, अपघात झाला 2009 मध्ये, तरी जबाबदार तो पहिलाच, कारण आरसीवर नाव त्याचंच.

29 सी हा यावरचा इलाज आहे. मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो त्याची सूचना पोर्टलवर जाते, मालक अन् डीलर दोघांचीही इलेक्ट्रॉनिक सही होते, अन् पोचनंबर निघतो. त्यानंतर गाडी तुमच्या ताब्यात असेपर्यंत तुम्हाला तिचा मालकच धरल्या जाते, काही घडलं तर जबाबदारी तुमची. मास्तरसारख्या माणसाची यात सुटका आहे, अन् तुमचीही आहे, कारण तुमच्या जबाबदारीची सुरुवात कुठून ते ठरून जाते, त्याच्या आधीचं ओझं मालकाचं.

क्रम असा ठेवा:

1. मालकाला सांगा की येताना आधारला लिंक असलेला मोबाईल सोबत आणा. आरसीला जोडलेला नंबर बंद पडला असेल तर आधी पोर्टलवर मोबाईल नंबर अपडेट करा. निम्म्या लोकांचं इथेच अडते.
2. गाडी यार्डाच्या आत उभी करा, किलोमीटरचा फोटो, चारही बाजूंचे फोटो.
3. 29 सी भरा, दोघांच्या सह्या तिथेच बसून करा.
4. पोचनंबरची प्रिंट, एक मालकाला, एक फाईलला.
5. आता चावी घ्या. पैसे पण आता.

वरून साधी डिलिव्हरी नोट पण करा, तारीख अन् वेळ दोन्ही टाकून, किती किलोमीटर, किती चाव्या, स्टेपनी अन् जॅक आहे का, एकूण किती कागद. ही पोर्टलसाठी नाही, भांडणासाठी.

सावधान: आरसीवर अजूनही जुन्या मालकाचंच नाव दिसणार आहे. 29 सी म्हणजे ट्रान्सफर नाही. तुमच्या नावावर गाडी "झाली" असं समजून कोणाला वापरायला देऊ नका.

चेक: मालकाची सही त्याच्या मागे, दुसऱ्या दिवशी, "ओटीपी सांगा ना काका" करून घेतली का? असं करायचं नाही. समोर बसून करा.

स्टेज 6: गाडी यार्डात असताना काय चालते, काय नाही

ताब्यातली गाडी रस्त्यावर काढायला ठरलेलीच कारणं आहेत: गिऱ्हाइकाला ट्रायल द्यायला, दुरुस्ती-सर्व्हिसिंगला, पेंटिंगला, प्रदर्शनात लावायला, इन्स्पेक्शनला. बस. त्या गाडीत बसून रामटेकला दर्शनाला जाणं यात येत नाही. मेव्हण्याच्या लग्नात इनोव्हा देणं तर अजिबात येत नाही, अन् धंद्यात हेच सगळ्यात जास्त चालते, सगळ्यांना माहीत आहे.

अन् प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक ट्रिप रजिस्टरमध्ये ठेवायची: कशासाठी काढली, कोणी चालवली, किती वाजता, किती किलोमीटर. डायरीतली नोंद चालत नाही, रजिस्टर इलेक्ट्रॉनिकच पाहिजे. लोक रात्री बसून आठवून आठवून भरतात अन् मग ओडोमीटर जुळत नाही. सवय अशी लावा की चावी खिळ्यावरून निघायच्या आधी नोंद झाली पाहिजे. माझ्याकडे चाव्यांच्या फळीखालीच जुना मोबाईल बांधून ठेवला आहे, नोंद केली तरच पोरगा चावी काढतो.

ट्रायल देताना चालवणाऱ्याचं लायसन पाहा, फोटो काढा. गाडीचा इन्शुरन्स अन् पीयूसी चालू आहे का ते त्या दिवशी पाहा, महिन्याभरापूर्वी पाहिलं होतं ते नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्स संपलेली गाडी फाटकाच्या बाहेर काढूच नका. स्वस्तात पडते म्हणून यार्डातल्या गाड्यांचे इन्शुरन्स संपू देणारे बरेच आहेत, एक वर्धा रोडची ट्रायल त्यांना पुरून उरेल.

ताब्यातल्या गाडीसाठी डीलर म्हणून तुम्ही स्वतः पण अर्ज करू शकता: आरसीचं रिन्यूअल, फिटनेसचं रिन्यूअल, डुप्लिकेट आरसी, एनओसी, ट्रान्सफर. म्हणजे दर वेळी जुन्या मालकाच्या मागे धावायची गरज नाही. ऑथोरायझेशनचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, पण त्यासाठी 29 सी झालेलं पाहिजे, नाही तर पोर्टलच्या नजरेत तुमचा अन् त्या गाडीचा काही संबंधच नाही.

स्टेज 7: विक्री अन् ट्रान्सफर

गिऱ्हाईक पक्कं झालं, पैसे आले, आता घाई नको. फॉर्म 29 हा विकणाऱ्याकडून सूचना अन् फॉर्म 30 घेणाऱ्याकडून अर्ज. कायद्यात विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात 14 दिवस आहेत, घेणाऱ्याला 30 दिवस. लोक 30 दिवस म्हणजे "महिन्याभरात करू" समजतात अन् महिना कसा जातो कळत नाही. मी तर डिलिव्हरीच्या दिवशीच अर्ज टाकतो अन् ट्रान्सफरची फी किमतीतच धरतो. गिऱ्हाईक म्हणेल, "फी कमी करा, मी नंतर करून घेतो." त्याला नाही म्हणा. वरचे मास्तर आठवा.

गिऱ्हाइकाचा पत्त्याचा पुरावा आधी पाहा. नागपुरात भाड्याने राहणारा अन् आधार गोंदियाचं असेल तर गाडी एमएच 35 च्या हद्दीत जाणार का, हे डिलिव्हरीच्या आधी ठरलं पाहिजे.

इन्शुरन्सचं फार लोक विसरतात. घेणाऱ्याने 14 दिवसांच्या आत इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची. थर्ड पार्टीचं कव्हर गाडीसोबत जाते, पण गाडीचं स्वतःचं नुकसान झालं अन् पॉलिसी जुन्याच नावावर असेल तर क्लेमला फटका बसतो. अन् नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे पॉलिसी ट्रान्सफर करताना फरकाचे पैसे भरावे लागतात. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, नाही तर म्हणेल तुम्ही फसवलं.

चेक: फाईल बंद करायच्या आधी पोर्टलवर आरसी नवीन नावावर दिसते का ते स्वतः उघडून पाहा. "अर्ज मंजूर" चा मेसेज अन् प्रत्यक्ष नाव बदलणं यात फरक असतो.

स्टेज 8: छिंदवाडा, सिवनी, राजनांदगावचं गिऱ्हाईक

नागपूरच्या धंद्यात हे टाळता येत नाही, दोन राज्यं दारातच आहेत. गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर आपल्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 मध्ये काढावी लागते, त्याच्यासाठी टॅक्स, चालान, एचपी सगळं साफ पाहिजे. एनओसी काढायच्या आधी गाडी देऊन टाकायची अन् मग मागून पाठवायची ही चूक करू नका, एखादं जुनं चालान निघालं की एनओसी अडते, गिऱ्हाईक तिकडून शिव्या देते अन् गाडी अजून तुमच्या जबाबदारीवरच.

उलट्या दिशेनेही तेच. दिल्लीतून स्वस्त डिझेल गाड्या येतात कारण तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल अन् 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले. गाडी छान असते, किंमत पण छान असते, पण महाराष्ट्राचा टॅक्स भरून नवीन नंबर घ्यायचा खर्च धरला का? दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवीन नंबर घ्यावाच लागतो. एनओसी कोणत्या आरटीओच्या नावाने आहे ते नक्की वाचा, तिच्यावर दुसऱ्याच ऑफिसचं नाव असेल तर परत दिल्लीची वारी.

स्टेज 9: पैसे अन् जीएसटी

जास्त लिहीत नाही, सीए ला विचारा, पण तीन गोष्टी.

16 जानेवारी 2025 पासून जुन्या गाड्यांवर, इलेक्ट्रिक पण धरून, जीएसटी 18 टक्के आहे, पण पूर्ण किमतीवर नाही, मार्जिनवर. 3,00,000 ची गाडी 3,40,000 ला विकली तर 40,000 वर, म्हणजे 7,200. तोट्यात विकली तर त्या गाडीवर काही नाही. हिशेब खरेदी अन् विक्रीच्या किमतीतल्या फरकाचा आहे, म्हणून डेंटिंग-पेंटिंगचा खर्च खरेदी किमतीत घुसवून मार्जिन कमी दाखवू नका. अन् खरेदीचा कागद नसेल तर मार्जिन सिद्ध कसं करणार, म्हणून पैसे मालकाच्याच खात्यात द्या.

एका सौद्यात 2 लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. "थोडे आज, थोडे उद्या" केलं तरी सौदा एकच धरतात.

10 लाखांच्या वरची गाडी विकत असाल तर 1 टक्का टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर) तुम्हाला लागू होतो का ते सौद्याच्या आधी सीए ला विचारा, गिऱ्हाइकाला किंमत सांगून झाल्यावर नाही.

स्टेज 10: सर्टिफिकेट सांभाळणं

जागा बदलली, पार्टनर बदलला, नाव बदललं तर आधी आरटीओला कळवा, मग बोर्ड हलवा. लोक उलटं करतात, नवीन जागी उद्घाटन, पेढे, अन् सर्टिफिकेटवर पत्ता जुनाच. नियम मोडले तर सर्टिफिकेट सस्पेंड किंवा रद्द होऊ शकते, अन् तेव्हा यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांचं काय करायचं हा प्रश्न फार महागात पडतो.

रिन्यूअलचा फॉर्म पण 29 ए च आहे. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच टाका, कारण तोपर्यंत जीएसटीतला पत्ता, भाडेकरार, मोबाईल नंबर यातलं काहीतरी बदललेलं असतेच. भाडेकरार 11 महिन्यांचा असेल तर तो मधात संपलेला निघतो, हे हमखास. मी 29 बी ची कॉपी काउंटरच्या मागे लावली आहे अन् तिच्यावर लाल मार्करने शेवटची तारीख लिहिली आहे, खाली भाडेकराराची तारीख पण, कारण आधी तीच संपते.